गोळीमुळे, की गोळी घेणारीमुळे?

ऑक्टोबर १९८५मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध छापून आले. दोन्हींचा प्रश्न एकच होता: पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांच्या हृदयावर काय परिणाम होतो? पहिला निबंध फ्रेमिंगहॅमचा होता. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावातल्या रहिवाशांच्या तब्येतीची नोंद १९४८पासून ठेवली जात होती. तिथल्या १,२३४ स्त्रियांच्या नोंदींवरून निष्कर्ष निघाला की गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका पन्नास टक्क्यांहून जास्त वाढलेला दिसतो. दुसरा निबंध अमेरिकी परिचारिकांवरच्या अभ्यासाचा होता. त्यात ३२,३१७ स्त्रिया होत्या आणि निष्कर्ष नेमका उलटा होता. कधी ना कधी गोळ्या घेतलेल्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण निम्मं, आणि त्या वेळी गोळ्या चालू असलेल्यांमध्ये तर जेमतेम एक तृतीयांश.

यातलं खरं कोणतं, हे ठरवायला पुढची वीसेक वर्षं लागली. वैद्यकीय संशोधनात नुसत्या निरीक्षणावरून कारण कसं शोधतात, कुठे फसतात आणि फसल्यावर सावरतात कसे, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. इथे कुणी आकडे बनवले नव्हते. संशोधक हुशार होते, नमुना प्रचंड मोठा होता, हिशेब काळजीपूर्वक केलेला होता. तरीही लाखो स्त्रियांना दिला गेलेला सल्ला पुढे मागे घ्यावा लागला.

परिचारिकांचा अभ्यास सुरू झाला १९७६मध्ये. अमेरिकेतल्या ११ राज्यांमधल्या ३० ते ५५ वयाच्या १,२१,७०० नोंदणीकृत परिचारिका त्यात सामील झाल्या. दर दोन वर्षांनी त्यांना टपालानं प्रश्नावली जायची: वजन किती, सिगारेट ओढता का, रक्तदाब आहे का, कोणती औषधं चालू आहेत, मधल्या काळात कोणता आजार झाला. परिचारिकाच निवडण्यामागे विचार होता. त्यांना वैद्यकीय प्रश्न कळतात, त्या नेमकी उत्तरं देतात आणि वर्षानुवर्षं उत्तरं पाठवत राहतात. आजही जगातल्या सर्वांत मोलाच्या आरोग्य-नोंदींमध्ये या अभ्यासाची गणना होते, आणि ती रास्त आहे.

१९९१मध्ये याच अभ्यासाचा दहा वर्षांचा हिशेब आला. गोळ्या चालू असलेल्या स्त्रियांमध्ये मोठ्या हृदयविकाराचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या ५६ टक्के, म्हणजे ४४ टक्क्यांनी कमी. वय, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, वजन असे फरक हिशेबातून वजा केल्यानंतरचा हा आकडा होता. इतर बहुतेक निरीक्षणात्मक अभ्यासही, म्हणजे उपचार स्वतः न ठरवता लोक जे करतात ते नुसतं नोंदवणारे अभ्यासही, याच बाजूनं बोलत होते. शिवाय शरीरशास्त्रही जुळत होतं. स्त्रियांना हृदयविकार पुरुषांपेक्षा उशिरा होतो, पाळी गेल्यावर त्याचं प्रमाण वाढत जातं आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी वाईट कोलेस्टेरॉल उतरतं, चांगलं चढतं. मग अंगातून गरम वाफा येणं, रात्री घामानं भिजणं यांसाठी दिली जाणारी गोळी हळूहळू हृदयाच्या रक्षणासाठीही लिहून दिली जाऊ लागली, काही त्रास नसलेल्या स्त्रियांनासुद्धा.

इथे थांबून एक साधा प्रश्न विचारायला हवा. ‘गोळीमुळे धोका कमी झाला’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो? समजा एक स्त्री आहे, वय ५५. तिनं आजपासून गोळी घेतली तर पुढच्या दहा वर्षांत तिचं काय होईल, आणि त्याच स्त्रीनं गोळी घेतली नाही तर काय होईल, या दोन भविष्यांमधला फरक म्हणजे गोळीचा परिणाम. अडचण उघड आहे. त्या स्त्रीच्या वाट्याला दोनपैकी एकच भविष्य येतं, दुसरं कुणालाच कधी दिसत नाही. म्हणून तिच्या न घडलेल्या भविष्याच्या जागी आपण दुसऱ्या कुणाचं तरी घडलेलं आयुष्य ठेवतो आणि तुलना करतो. सगळा प्रश्न या बदलीचा आहे. ती दुसरी स्त्री पहिलीच्या जागी चालेल इतकी सारखी आहे का?

चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीची ताकद इथेच आहे. हजारो स्त्रियांपैकी कुणाला खरी गोळी आणि कुणाला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी द्यायची हे डॉक्टर ठरवत नाही, ती स्त्रीही ठरवत नाही, ते चिठ्ठी ठरवते. त्यामुळे श्रीमंत-गरीब, व्यायाम करणाऱ्या-न करणाऱ्या, काळजी घेणाऱ्या-बेफिकीर अशा सगळ्या जणी दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात. ज्या गोष्टी मोजल्या त्या तर वाटल्या जातातच, पण ज्या कुणाच्या डोक्यातही आल्या नव्हत्या त्याही. निरीक्षणात्मक अभ्यासात ही शेवटची सोय नसते. जे मोजलं तेवढंच वजा करता येतं.

१९९८मध्ये अशी पहिली मोठी चाचणी पूर्ण झाली. आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन हे दुसरं हार्मोन यांची जोडगोळी किंवा औषध नसलेली गोळी दिली होती. एकूण फायदा शून्य. उलट पहिल्याच वर्षात गोळी घेणाऱ्या गटात हृदयविकाराचे झटके जास्त आले. ‘या स्त्रिया आधीच आजारी होत्या, निरोगी स्त्रियांचं वेगळं असेल,’ असं म्हणायला तेव्हा जागा होती. ती जागा २००२मध्ये संपली. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी सरकारच्या खर्चानं चाललेल्या, याच जोडगोळीच्या चाचणीत ५० ते ७९ वयाच्या १६,६०८ स्त्रिया होत्या. साडेआठ वर्षं चालायची ती चाचणी सरासरी ५.२ वर्षांतच थांबवावी लागली. हृदयविकार २९ टक्क्यांनी जास्त, पक्षाघात ४१ टक्क्यांनी जास्त, स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी जास्त, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकण्याचं प्रमाण दुप्पट. मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि खुब्याचं हाड मोडणं मात्र कमी झालं होतं.

टक्के ऐकून घाबरायला होतं, म्हणून हेच आकडे माणसांत सांगते. दहा हजार स्त्रियांनी गोळी न घेता एक वर्ष काढलं तर त्यांच्यात सुमारे ३० हृदयविकार होत होते, गोळी घेऊन ३७. स्तनाचा कर्करोग ३०च्या जागी ३८, पक्षाघात २१च्या जागी २९. एकेकट्या स्त्रीसाठी हा धोका लहान आहे. पण तब्येतीचा काही त्रास नसताना, केवळ ‘हृदयाला चांगली’ म्हणून लाखो जणींना दिलेल्या गोळीसाठी तो अजिबात लहान नाही. काही महिन्यांतच अमेरिकेत या गोळ्यांची विक्री कोसळली.

मग परिचारिकांच्या नोंदी चुकल्या कुठे? इथे बरेच जण ‘दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही’ हे वाक्य म्हणतात आणि विषय बंद करतात. वाक्य खरं आहे, पण त्यानं काहीच कळत नाही. चूक कोणत्या दारानं आत आली हे शोधायला हवं. दारं एकाहून जास्त होती.

पहिला संशय साहजिकच गोळी घेणारीवर होता. पाळी गेल्यावर, काही मोठा त्रास नसताना, भविष्याचा विचार करून गोळी कोण घेतं? जिचा स्वतःचा डॉक्टर आहे, जी नियमित तपासणीला जाते, जिला खर्च परवडतो, जी खाण्यापिण्याकडे लक्ष देते. अशा स्त्रीला गोळी नसतानाही हृदयविकार कमीच झाला असता. गोळी घेण्याकडे आणि हृदय चांगलं राहण्याकडे, दोन्हीकडे नेणाऱ्या अशा तिसऱ्या गोष्टीला संशोधक कन्फाउंडर म्हणतात. परिचारिका सगळ्या एकाच पेशातल्या, त्यामुळे शिक्षणाचा फरक कमी होता हे खरं. तरी बालपणीची परिस्थिती, नवऱ्याची कमाई, स्वतःची काळजी घेण्याची सवय हे सगळं प्रश्नावलीत मावत नाही.

ही सवय किती बलवान असते याचा पुरावा एका जुन्या चाचणीत पडून होता. अमेरिकेतल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना क्लोफायब्रेट हे कोलेस्टेरॉलचं औषध दिलं होतं. ज्यांनी किमान ८० टक्के गोळ्या घेतल्या त्यांच्यातले १५ टक्के पाच वर्षांत दगावले आणि ज्यांनी टाळाटाळ केली त्यांच्यातले २४.६ टक्के. औषधाचा गुण म्हणावा, तर औषध नसलेली गोळी मिळालेल्या गटात काय झालं ते पाहा. ती नियमित घेणाऱ्यांमध्ये १५.१ टक्के मृत्यू आणि टाळणाऱ्यांमध्ये २८.२ टक्के. त्या गोळीत औषध नव्हतंच. माणसाला वाचवणारी गोष्ट गोळीच्या बाहेर होती. १९८०मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले. संशोधकांनी मोजलेले अनेक फरक हिशेबात धरूनही ही तफावत गेली नव्हती. ज्या गोष्टीनं ती माणसं वाचत होती, ती त्यांच्या यादीतच नव्हती.

अशी लपलेली गोष्ट पकडायची एक फार सुंदर युक्ती आहे. औषधाचा ज्यावर परिणाम होणं शक्यच नाही, अशा एखाद्या गोष्टीवर ते औषध ‘परिणाम’ करतं का, हे तपासायचं. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात हेच केलं गेलं. इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले, आणि अपघात, खून, आत्महत्या यांतले मृत्यूही साधारण तितक्याच प्रमाणात कमी दिसले. इस्ट्रोजेन कुणाला खुनापासून वाचवत नाही. म्हणजे त्या स्त्रियांचं आयुष्यच मुळात जास्त सुरक्षित होतं. वयस्कांच्या फ्लूच्या लशीबाबत २००६मध्ये याच धर्तीचं काम झालं. लस घेतलेल्यांमध्ये मृत्यू कमी दिसत होते, आणि सर्वांत मोठा ‘फायदा’ फ्लूची साथ सुरू होण्याच्याही आधीच्या महिन्यांत दिसत होता. विषाणू गावात आलेलाच नसताना लस कुणाला त्यापासून वाचवणार? लस निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. निरीक्षणातून दिसलेल्या फायद्यात लस घेणाऱ्यांच्या आधीच्या चांगल्या तब्येतीचा मोठा वाटा मिसळला होता, एवढंच त्यातून कळतं.

कन्फाउंडरवर बोट ठेवून बरेच जण समाधानी झाले. हार्वर्डमधले साथरोगशास्त्रज्ञ मिगेल हर्नान आणि त्यांचे सहकारी झाले नाहीत. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: चाचणीत जो प्रश्न विचारला होता, तोच परिचारिकांच्या नोंदींना विचारला होता का?

नव्हता विचारला. चाचणीत घड्याळ गोळी सुरू होते त्या दिवशी सुरू होतं. चिठ्ठी निघाली, पहिली गोळी घेतली, मोजणी सुरू. पहिल्या महिन्यात झटका आला तरी तो गोळीच्या खात्यात. परिचारिकांच्या अभ्यासात मात्र तुलना होती ‘सध्या गोळी घेणाऱ्या’ आणि ‘न घेणाऱ्या’ यांच्यात. सध्या घेणारी म्हणजे जी काही वर्षांपासून घेत आहे, जिला ती मानवली आहे आणि जी अजून जिवंत आहे. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत जिला झटका आला, ती या गटात पोचतच नाही. पंढरपुरात पोचलेल्या वारकऱ्यांनाच विचारून वारी किती सोपी आहे ते ठरवावं, तसा हा प्रकार. वाटेत आजारी पडून घरी परतलेले तिथे उत्तर द्यायला नसतात.

यात प्रश्नावलीच्या दोन वर्षांच्या अंतरानं भर घातली. समजा एका परिचारिकेनं मार्चमध्ये ‘गोळी घेत नाही’ असं लिहून पाठवलं, मेमध्ये डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि सप्टेंबरमध्ये तिला हृदयविकाराचा झटका आला. नोंदीत ती न घेणाऱ्यांत होती, म्हणून तो झटका न घेणाऱ्यांच्या नावावर लागला. गोळीमुळे झालेलं नुकसान गोळी न घेण्याच्या खात्यात जमा. मुखावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेननं रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, त्यामुळे धोका सुरुवातीलाच जास्त असणं शरीरशास्त्राला धरून आहे. २००२च्या चाचणीतही पहिल्या वर्षात गोळीच्या गटातला हृदयविकार जवळजवळ १.८ पट होता, नंतर फरक घटत गेला. जो काळ सर्वांत धोक्याचा, तोच परिचारिकांच्या हिशेबातून निसटत होता.

हर्नान यांच्या गटानं त्याच जुन्या नोंदी पुन्हा हाती घेतल्या. नवी परिचारिका नाही, नवी प्रश्नावली नाही. फक्त हिशेबाची मांडणी चाचणीसारखी केली. प्रत्येक दोन वर्षांच्या टप्प्यावर त्यांनी एक कागदी चाचणी सुरू झाली असं धरलं. त्या टप्प्यावर पात्र कोण? जिची पाळी गेली आहे, जिला हृदयविकार झालेला नाही आणि जी मागच्या दोन वर्षांत गोळी घेत नव्हती. त्यांपैकी काहींनी आता गोळी सुरू केली, काहींनी नाही. हे झाले दोन गट. घड्याळ इथून सुरू. पुढे सुरू करणारीनं मध्येच गोळी सोडली तरी तिला त्याच गटात ठेवायचं, जसं खऱ्या चाचणीत ठेवतात. मग पुढच्या टप्प्यावर पुन्हा नवी कागदी चाचणी. अशा सगळ्या चाचण्या एकत्र करून त्यांनी २००८मध्ये उत्तर छापलं. संपूर्ण काळात सुरू करणाऱ्यांचा धोका न करणाऱ्यांच्या ०.९६ पट, म्हणजे फरक जवळपास नाहीच. पहिल्या दोन वर्षांत १.४२ पट. पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू करणाऱ्यांमध्ये ०.८४ आणि त्यानंतर सुरू करणाऱ्यांमध्ये १.१२.

या आकड्यांभोवती अनिश्चितता मोठी आहे, एकेका आकड्यावर फार भार टाकू नये. पण दिशा पाहा. तेच कागद, त्याच स्त्रिया, आणि ४४ टक्के फायदा नाहीसा होऊन चित्र चाचणीच्या जवळ आलं. राहिलेल्या फरकाचा एक भाग वयानं समजतो. चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, अनेकींची पाळी जाऊन दहाहून जास्त वर्षं झालेली होती. परिचारिका मात्र बहुधा पाळी गेल्यावर लवकर गोळी सुरू करत होत्या. हीच गोष्ट आज डॉक्टर लक्षात घेतात. पाळी जाण्याच्या सुमारास, त्रास जास्त असेल तर हार्मोन देणं आणि ६५व्या वर्षी हृदयासाठी म्हणून सुरू करणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. चाचणीतल्या स्त्रियांचा सुमारे १८ वर्षांचा हिशेब २०१७मध्ये आला, तेव्हा दोन्ही गटांत एकूण मृत्यूंचं प्रमाण सारखंच निघालं. २००२च्या धक्क्यानं काही स्त्रियांना खरी गरज असतानाही हे औषध नाकारलं गेलं, याचं मला वाईट वाटतं. आंधळेपणानं देणं जितकं चूक, तितकंच आंधळेपणानं बंद करणंही.

हर्नान यांच्या या पद्धतीला आता ‘टार्गेट ट्रायल’ची नक्कल म्हणतात. कल्पना सोपी आहे: निरीक्षणाच्या नोंदींना हात लावण्याआधी, पैसे आणि परवानगी असती तर आपण कोणती चाचणी केली असती ती कागदावर पूर्ण लिहा. कोण पात्र, कोणता उपचार कशाच्या तुलनेत, घड्याळ कधी सुरू, कशाची मोजणी, किती काळ. मग नोंदींमधून तीच चाचणी उभी करा. हे लिहायला बसलं की बरेच प्रश्न मुळातच धड नव्हते हे लक्षात येतं. वर्तमानपत्रातली ‘रोज अमुक पदार्थ खाणाऱ्यांना हृदयविकार कमी’ ही बातमी या कसोटीला लावून बघा. खायला कधी सुरू केलं? त्याऐवजी आधी काय खात होते? आजारी पडल्यावर ज्यांनी खाणं सोडलं, ते कोणत्या गटात गेले? उत्तरं बहुधा सापडत नाहीत.

घड्याळ चुकीच्या वेळी सुरू केलं की काय होतं, याचं आणखी एक जुनं उदाहरण आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीला स्टॅनफर्डमध्ये हृदयरोपण सुरू झालं. हृदय मिळालेले रुग्ण यादीत असूनही न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले, असं सुरुवातीच्या हिशेबात दिसलं. १९७२मध्ये मिचेल गेल यांनी दाखवून दिलं की हृदय मिळण्यासाठी आधी ते येईपर्यंत जिवंत राहावं लागतं. वाट पाहतानाच जे गेले ते आपोआप ‘न मिळालेल्यां’त मोजले गेले, आणि वाट पाहण्याचे दिवस मात्र रोपणाच्या पुण्याईत जमा झाले. त्या दिवसांत रोपण झालेला रुग्ण मरूच शकत नव्हता, मेला असता तर तो त्या गटात आलाच नसता. औषधांच्या दुकानांच्या आणि इस्पितळांच्या संगणकी नोंदींवर चालणाऱ्या आजच्या संशोधनातही ही चूक सारखी सापडते.

आता एक असं दार, ज्यातून सावध माणूसही फसतो. कन्फाउंडरची भीती बसली की वाटतं, जे जे मोजलंय ते सगळं हिशेबातून वजा करावं, म्हणजे धोका नको. हे चूक आहे. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात जेकब येरुशाल्मी यांना एक विचित्र गोष्ट दिसली. सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं जन्मतः कमी वजनाची असतात, हे स्पष्ट होतं. पण अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळांचीच आपसात तुलना केली, तर सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं जास्त जगत होती. मग सिगारेट बाळाला तारते की काय? अर्थातच नाही. बाळाचं वजन घटायला कारणं अनेक. सिगारेट हे त्यातलं एक, आणि जन्मजात व्यंग किंवा गंभीर आजार ही दुसरी, फार घातक कारणं. आई सिगारेट ओढत नाही आणि तरीही बाळ हलकं आहे, म्हणजे त्यामागे ती घातक कारणं असण्याची शक्यता जास्त. कमी वजनाच्या बाळांपुरतं पाहिल्याबरोबर आपणच हा खोटा संबंध निर्माण केला. वजन हे सिगारेटचं फळ आहे. कारणापासून निघालेल्या गोष्टीला ‘समान’ करून तुलना केली की तुलना बिघडते. म्हणून काय वजा करायचं हे आकडेवारी सांगत नाही. ते ठरवायला आधी कशातून काय घडतं याचं चित्र काढावं लागतं, आणि ते चित्र विषय जाणणाऱ्या माणसालाच काढता येतं.

इतकी दारं असतील तर निरीक्षणावर विश्वास ठेवायचाच नाही का? असं म्हणणारे भेटतात, आणि मला ती भूमिका धोकादायक वाटते. तंबाखूवर चिठ्ठ्या टाकून चाचणी झालेली नाही. हजार तरुणांना चिठ्ठी काढून ‘तू वीस वर्षं सिगारेट ओढ’ असं कुणी सांगू शकत नाही, सांगूही नये. तरीही तंबाखूनं कर्करोग होतो हे आज पक्कं ठाऊक आहे.

ते कसं कळलं, हे पाहण्यासारखं आहे. १९५०मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या २० इस्पितळांमधल्या रुग्णांची तुलना छापली. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत सिगारेट कधीच न ओढलेले फक्त २ होते, इतर आजारांच्या तितक्याच पुरुषांत २७. हेच ते हिल, ज्यांनी स्ट्रेप्टोमायसिन क्षयरोगावर चालतं का हे पाहणाऱ्या, १९४८मध्ये छापल्या गेलेल्या चाचणीत रुग्णांची वाटणी चिठ्ठीनं करायची पद्धत बसवली होती. चिठ्ठीचं मोल त्यांना कुणी शिकवायला नको होतं. जिथे चिठ्ठी शक्य नाही तिथे काय करायचं, हे त्यांनी हात झटकून सोडून दिलं नाही. १९५१मध्ये दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून सवयी विचारल्या आणि ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पुढे मागोवा घेत राहिले.

विरोधाला उभे राहिले रोनाल्ड फिशर, शेतीच्या प्रयोगांत चिठ्ठीची पद्धत आणणारे, विसाव्या शतकातले सर्वांत थोर संख्याशास्त्रज्ञ. त्यांचा आक्षेप तर्काला धरून होता: कदाचित एखादा आनुवंशिक गुण माणसाला सिगारेटचीही ओढ लावतो आणि कर्करोगही देतो. म्हणजे कन्फाउंडरच. १९५९मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी याला उत्तर दिलं, आणि ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत देखणं उत्तर वाटतं. सिगारेट ओढणाऱ्यांना कर्करोग नऊ पट होत असेल आणि त्याचं खरं कारण एखादा लपलेला गुणच असेल, तर तो गुण ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांपेक्षा किमान नऊ पट जास्त आढळायला हवा. असा गुण दाखवा. ‘काहीतरी लपलेलं असेल’ एवढं म्हणून आता भागणार नव्हतं, ते किती मोठं असावं लागेल हे ठरलं होतं. तसं काही कुणाला दाखवता आलं नाही. हार्मोनचा परिणाम अर्ध्या-पाऊण पटीचा होता. तेवढा फरक स्वतःची काळजी घेण्याची सवयही सहज निर्माण करते. नऊ पट निर्माण करायला फार मोठं काहीतरी लागतं.

त्याच्या जोडीला इतर खुणा होत्या. जास्त ओढणाऱ्यांना कर्करोग जास्त, सोडणाऱ्यांचा धोका वर्षागणिक उतरता, वेगवेगळ्या देशांत तेच चित्र. काही दशकांत फुप्फुसाचा कर्करोग अनेक पटींनी वाढला होता आणि माणसाची जनुकं एवढ्या काळात बदलत नाहीत. मुंबईत १९५५मध्ये एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि वसंत रामजी खानोलकर यांनी तोंड आणि घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांमधलं तंबाखू चघळण्याचं आणि ओढण्याचं प्रमाण तपासून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलं. आपल्याकडचा माणूस तंबाखूची गोळी गालात धरून ठेवतो, आणि आपल्याकडे कर्करोग वारंवार होतो तो गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरडीलगत. १९६५च्या व्याख्यानात हिल यांनी अशा नऊ खुणा सांगितल्या आणि यातली कोणतीही एकटी निर्णायक नाही, हेही तिथेच बजावलं. पुढे अनेकांनी ती यादी खुणा मोजून गुण देण्यासाठी वापरली. हिल यांना तसं अभिप्रेत नव्हतं. दिसतंय त्याचा याहून चांगला दुसरा काही खुलासा आहे का, हा त्यांचा प्रश्न होता.

ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षांचा हिशेब २००४मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा डॉल ९१ वर्षांचे होते. त्या डॉक्टरांपैकी कुणाच्याही वाट्याला सिगारेट चिठ्ठीनं आली नव्हती. आयुष्यभर ओढत राहिलेले न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे दहा वर्षं कमी जगले. ज्यांनी ६०व्या वर्षी सोडली त्यांना सुमारे तीन वर्षं परत मिळाली, ५०व्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, ४०व्या वर्षी सोडणाऱ्यांना नऊ, आणि ३०व्या वर्षी सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळी दहा.